नवं स्वयंपाकघर लावताना: आधी काय घ्यायचं, कशासाठी थांबायचं

दुकानात जाण्याआधी एक कागद घ्या आणि येत्या दोन आठवड्यांत तुम्ही खरोखर कराल असे सहा-सात पदार्थ लिहा. कधीतरी करून बघावेसे वाटणारे पदार्थ बाजूला ठेवा. दमून घरी आल्यावरही जे कराल तेच या यादीत हवेत. प्रत्येकासमोर तीन गोष्टी मांडा: काय चिरायचं, कशात शिजवायचं, कोणतं कोरडं सामान लागणार. जी वस्तू तीन किंवा अधिक पदार्थांत आली ती आता घ्यायची. एकदाच आलेली वस्तू महिनाभर थांबू शकते, आणि बहुतेकदा तोवर तिच्यावाचून भागलेलं असतं.

यादी कुणाचीही असो, ती फिरून साधारण याच वस्तूंवर येते: एक मोठी सुरी, एक छोटी सुरी, एक चॉपिंग बोर्ड, झाकणाचं जाड बुडाचं पातेलं, एक पॅन आणि मोजकी हातातली अवजारं. बारा भांड्यांचा किंवा दहा सुऱ्यांचा संच स्वस्तात पडल्यासारखा वाटतो, पण त्यातल्या दोन-तीनच वस्तू रोज हातात येतात आणि नेमक्या त्या मध्यम दर्जाच्या असतात. तेवढ्याच पैशांत त्या दोन-तीन उत्तम मिळतात. संच घेऊच नका.

सुरी आणि बोर्ड

मोठ्या सुरीचं पातं १८ ते २० सेंटिमीटर लांब असावं. कांद्यापासून कोबीपर्यंत नव्वद टक्के चिरणं तिच्यावर होतं. छोटीचं पातं ८ ते १० सेंटिमीटर. सोलायला, देठ काढायला, हातात धरून कापायला ती बरी. घरात ब्रेड नेहमी येत असेल तर दात्यांची तिसरी सुरी घ्या, नाहीतर नको. घेताना सुरी हातात धरून बघा. मूठ ओल्या हातातही निसटणार नाही अशी हवी आणि बोटं मुठीखाली बोर्डाला टेकता कामा नयेत.

धरायची पद्धत पहिल्याच दिवशी नीट लावून घ्या, नंतर सवय मोडणं अवघड जातं. अंगठा आणि तर्जनी यांनी पातं मुठीजवळच्या टोकाला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायचं, उरलेली तीन बोटं मुठीभोवती. तर्जनी पात्याच्या पाठीवर लांब ठेवली की सुरी डावी-उजवीकडे डोलते. दुसऱ्या हाताची बोटं आतल्या बाजूला दुमडायची, अंगठा त्यांच्या मागे लपवायचा आणि पातं बोटांच्या मधल्या पेरांना घासत खाली-वर न्यायचं. पेरं पुढे असली की नखं आणि बोटांची टोकं पात्याच्या वाटेत येतच नाहीत. गोल वस्तू, म्हणजे कांदा, बटाटा, गाजर, आधी उभी अर्धी कापा आणि सपाट बाजूवर बसवा. घरंगळणाऱ्या वस्तूवर सुरी चालवताना बोटं सर्वांत जास्त कापली जातात.

धारदार सुरीपेक्षा बोथट सुरी धोक्याची. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो, ती सालीवरून सटकते, आणि तो सगळा जोर हातावर येतो. पिकलेल्या टोमॅटोवर सुरी नुसती ठेवून हलकेच ओढा. साल न दबता कापली गेली तर धार ठीक आहे. धार लावायला १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) एक दगड पुरतो. तो पाण्यात वापरायचा असेल तर बुडबुडे यायचे थांबेपर्यंत भिजवा, ओल्या फडक्यावर पक्का बसवा, पातं दगडाशी १५ ते २० अंशांत धरा आणि टाचेपासून, म्हणजे मुठीजवळच्या भागापासून, टोकापर्यंत एकसारख्या दाबाने फिरवा. कोन मधेच बदलला तर कितीही घासा, धार येत नाही. नवख्यांचं इथेच चुकतं. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक कंगोरा जाणवू लागला की बाजू बदलायची. बोट नेहमी धारेपासून बाहेरच्या दिशेला फिरवून तो तपासा, धारेच्या लांबीवरून कधीच नाही. बाजारात मिळणारी लांब पोलादी कांडी ही वेगळी वस्तू आहे. ती वाकलेली धार सरळ करते, गेलेली धार परत आणत नाही.

बोर्ड लाकडाचा किंवा प्लास्टिकचा घ्या, निदान ३० बाय ४५ सेंटिमीटरचा. लहान बोर्डवर चिरलेलं बाहेर सांडतं आणि हात आखडून चालतो. काच, दगड आणि स्टीलचे बोर्ड दिसायला स्वच्छ असले तरी पातं त्यांच्यावर आपटून काही दिवसांत बोथट होतं. बोर्डखाली ओलं करून पिळलेलं फडकं पसरा म्हणजे तो सरकत नाही. कच्चं मांस-मासे घरात येत असतील तर त्यांच्यासाठी वेगळ्या रंगाचा बोर्ड ठेवा आणि त्यावर सॅलडच्या भाज्या कधीच चिरू नका. लाकडी बोर्ड पाण्यात भिजत ठेवला तर तडकतो. धुऊन लगेच पुसा आणि उभा करून वाळवा. त्याला तेल लावायचं तर खाद्य दर्जाचं मिनरल ऑइल वापरा, कारण स्वयंपाकाचं तेल लाकडात मुरून खवट होतं.

पातेलं आणि पॅन

भांड्याच्या बाबतीत आकार आणि चकाकी यांच्याआधी बूड बघा. स्टेनलेस स्टील उष्णता फार वाईट वाहून नेतं. अ‍ॅल्युमिनियम त्याच्या दहापटीहून चांगलं. म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्यात ज्योत जिथे लागते तिथेच पदार्थ करपतो आणि दोन बोटं पलीकडे कच्चा राहतो. यावर तोडगा म्हणजे दोन स्टीलच्या थरांमध्ये अ‍ॅल्युमिनियम असलेलं भांडं, ज्याला ट्रायप्लाय म्हणतात, किंवा निदान बुडाला तशी जाड चकती बसवलेलं. भांडं हातात घेतल्यावर बुडाकडे जड वाटलं पाहिजे. इंडक्शन शेगडी असेल तर सोबत एक चुंबक न्या. बुडाला घट्ट चिकटला तरच ते भांडं चालेल.

एक-दोघांसाठी ३ लिटरचं पातेलं आणि २६ सेंटिमीटरचा पॅन या मापांनी सुरुवात करा. पॅन लहान घेतला की भाजी दाटीवाटीने पडते, तिचं पाणी उडून जायला जागा मिळत नाही आणि ती परतली जाण्याऐवजी उकडते. रंग येत नाही, चव येत नाही, आणि दोष पाककृतीला दिला जातो. पॅनमध्ये जे घालाल त्याचा एकच थर बसला पाहिजे. जास्त असेल तर दोन हप्त्यांत परता.

स्टीलच्या पॅनला पदार्थ चिकटतो ही तक्रार खरी आहे, पण कारण बहुधा घाईचं असतं. रिकामा पॅन मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाका: तो फसफसून आटला तर पॅन अजून थंड आहे, मण्यासारखा घरंगळत फिरू लागला तर तयार आहे. आच थोडी कमी करा, तेल घाला, ते लकाकू लागलं की पुसून कोरडा केलेला पदार्थ ठेवा आणि हात आवरा. खालची बाजू तांबूस झाली की पदार्थ आपोआप सुटतो. सुटत नसेल तर तो अजून झालेला नाही. उलथण्याने खरवडलात तर तो फाटतो. स्टीलच्या भांड्यात पाणी उकळताना मीठ पाण्याला उकळी आल्यावर घाला. गार पाण्यात तळाशी साचलेल्या मिठाने स्टीलला कायमचे बारीक खड्डे पडतात.

नॉनस्टिक पॅन अंड्यांसाठी आणि नाजूक माशांसाठी उपयोगी आहे, पण तो खर्ची पडणारी वस्तू समजूनच घ्या. काही वर्षांत त्याचा थर जातोच. आच मध्यमच्या वर न्यायची नाही, रिकामा तापवायचा नाही, धातूचं उलथणं आणि तारेची घासणी लावायची नाही. टेफ्लॉनचा थर साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे विघटित होऊ लागतो आणि मोठ्या आचेवर रिकामा पॅन काही मिनिटांतच तिथे पोचतो. त्या धुराने माणसाला त्रास होतो आणि घरातले पाळीव पक्षी मरू शकतात. थर निघू लागला की पॅन बदला.

बिडाचं भांडं उलट पिढ्यान् पिढ्या टिकतं, मात्र त्याची निगा राखावी लागते. धुऊन शेगडीवर पूर्ण कोरडं करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि नंतर तेल दिसणार नाही इतकं पुसून काढा. जाड थर राहिला तर तो चिकट होतो. टोमॅटो, व्हिनेगर असलं आंबट त्यात फार वेळ शिजवू नका. बसलेला थर निघतो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते. तांब्या-पितळेच्या भांड्यांतही आंबट शिजवायचं तर आत कल्हई धड असली पाहिजे.

करपलेल्या स्टीलच्या भांड्यावर लगेच काथ्या घेऊन तुटून पडू नका. डाग बुडेल इतकं पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा, गार होऊ द्या, मग लाकडी उलथण्याने खरवडा. अ‍ॅल्युमिनियमला हा उपाय नको, ते काळं पडतं.

प्रेशर कुकर

डाळी आणि कडधान्यं आठवड्यातून दोनदा तरी शिजणार असतील तर कुकर पहिल्याच खरेदीत घ्या. पूर्ण दाबाखाली आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून वेळ निम्म्याहून कमी लागतो. ३ लिटरचा एक-दोघांना, ५ लिटरचा चौघांना.

यातले नियम पाळायलाच हवेत. कुकर दोन तृतीयांशाहून जास्त भरायचा नाही. डाळ, कडधान्य, तांदूळ यांचा फेस येतो, म्हणून ते थेट कुकरात घालाल तेव्हा अर्ध्यावर थांबायचं. फेस वाफेच्या नळीत शिरला तर वाट बुजते. प्रत्येक वेळी झाकण लावण्याआधी ती नळी उजेडासमोर धरून आरपार दिसते का ते बघा. आत निदान एक कप पाणी असू द्या. दाब तयार झाला की आच कमी करा. बंद केल्यावर दाब आपोआप उतरेपर्यंत झाकणाशी झटापट करू नका. झाकण सहज फिरत नाही याचा अर्थ आत अजून वाफ आहे. कडेने वाफ निसटू लागली किंवा रबर कडक होऊन त्याला भेगा दिसल्या की रबर बदला. सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा घ्या.

हाताशी लागणारं बाकीचं

लाकडी उलथणं, पळी, चिमटा, सोलाणं, किसणी, एक बारीक गाळणी, एक मोठ्या भोकांची चाळणी, सांडशी, दोन-तीन मोठे वाडगे. यात फार विचार करण्यासारखं काही नाही. सोलाणं मात्र धारदारच घ्या. गरम भांडं उचलायला जाड आणि कोरडं फडकं हवं. ओल्या फडक्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि हात भाजतो.

वजनकाटा ही चैन नाही. ५ किलोपर्यंत १ ग्रॅमच्या फरकाने दाखवणारा, शून्यावर आणायचं बटण असलेला डिजिटल काटा घ्या. एक कप मैदा कसा भरला त्यावर १२० ग्रॅमही होतो आणि १५० ग्रॅमही. बेकिंगमध्ये एवढा फरक पदार्थ बिघडवायला पुरेसा आहे. कपही सगळीकडे सारखा नसतो: मेट्रिक कप २५० मिलिलिटरचा, अमेरिकी साधारण २४०चा. मापाचा छोटा चमचा ५ आणि मोठा १५ मिलिलिटरचा. ऑस्ट्रेलियात मोठा चमचा २०चा असतो. परदेशी पाककृती वाचताना हे लक्षात ठेवा.

मिक्सर बहुतेकांना लागतो, पण यादीत तीनदा आला तरच घ्या. त्यात गरम रस्सा किंवा सूप अर्ध्याहून कमी भरा आणि झाकणाचं मधलं बूच काढून वर फडकं धरा, नाहीतर वाफेच्या जोराने झाकण उडतं. ओव्हन, एअर फ्रायर, वॉफल यंत्र, लसूण ठेचायचं वेगळं अवजार या सगळ्यांना थांबवा.

कोरडं सामान किती भरायचं

इथे अंदाजापेक्षा हिशेब बरा. एका माणसाला एका जेवणाला कच्चा तांदूळ साधारण ७५ ग्रॅम लागतो, डाळ किंवा कडधान्य ५० ते ६० ग्रॅम. रोज एकदा भात खाणाऱ्या एकट्या माणसाला दोन आठवड्यांना एक किलो तांदूळ पुरतो. पहिल्यांदा तेवढाच आणा. तांदूळ एक जात, डाळी दोन, कडधान्य एक, पीठ एक, साखर अर्धा किलो, मीठ, तेल: एवढ्यावर घर चालू होतं.

पांढरा तांदूळ बंद डब्यात वर्षभर सहज राहतो. ब्राउन राइस आणि कोंड्यासकटचं पीठ मात्र लवकर खवट होतं, कारण कोंड्यात आणि अंकुरात तेल असतं. ते महिन्याला लागेल तेवढंच घ्या किंवा फ्रिजमध्ये ठेवा. धान्यात टोके-किडे बहुधा अंड्यांच्या रूपाने दुकानातूनच येतात. नवं पाकीट पिशवीत गुंडाळून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवलं की ती मरतात. बाहेर काढल्यावर पाकीट न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दमटपणा धरतो. डब्यात जुनं संपल्याशिवाय वर नवं ओतू नका, आणि प्रत्येक डब्यावर तारीख चिकटवा.

भाताचं पाणी दरवेळी का चुकतं तेही समजून घ्या. तांदूळ स्वतः जवळपास आपल्याइतकंच पाणी शोषतो. त्याहून जास्तीचं पाणी वाफ होऊन उडण्यासाठी असतं. एक कप लांब पांढऱ्या तांदळाला पावणेदोन कप पाणी लागत असेल तर चार कपांना सात लागत नाही, कारण भांडं तेच असल्याने वाफ काही चौपट होत नाही. प्रमाण आंधळेपणाने वाढवलं की भात गिचका होतो. तांदूळ धुऊन उकळी आणा, झाकण लावा, आच अगदी मंद करा, १२ ते १५ मिनिटं झाकण उघडू नका, मग बंद करून आणखी १० मिनिटं तसंच राहू द्या.

कडधान्य ८ ते १२ तास भिजवा. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा मीठ घातलं तर साली मऊ होतात आणि शिजताना फुटत नाहीत; शिजवण्याआधी ते पाणी ओतून द्या. टोमॅटो, चिंच, लिंबू कडधान्य मऊ झाल्यावरच घाला. आंबटाने साल घट्ट राहते आणि तासभर शिजवूनही दाणा बोटचेपा होत नाही. जड पाण्यानेही असंच होतं आणि फार जुन्या दाण्यांनीही. राजमा मात्र नेमाने शिजवायचा: भिजवलेलं पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये ते नष्ट होत नाही. ८० अंशांपर्यंतच तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो.

तेल, मीठ, आंबट, मसाले

रोजच्यासाठी एक रिफाइंड तेल पुरे. उजेड, उष्णता आणि हवा या तिन्हींनी तेल खराब होतं, म्हणून शेगडीशेजारची सोयीची जागा हीच तेलाला सर्वांत वाईट. दोन महिन्यांत संपेल एवढी बाटली घ्या. तेलातून धूर निघू लागला तर ते जास्त तापलंय. त्यात काही न टाकता गॅस बंद करा. तेलाने पेट घेतला तर आच बंद करून वर झाकण सरकवा आणि भांडं गार होईपर्यंत हात लावू नका. पाणी कधीही ओतायचं नाही: ते तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं आणि जळतं तेल सगळीकडे उडवतं. म्हणूनच पॅनला बसणारं झाकण हवं, आणि तळताना ते हाताशी हवं.

मिठासाठी सुरुवातीचं प्रमाण: तयार पदार्थाच्या वजनाच्या सुमारे एक टक्का, म्हणजे एक किलो रस्सा-भाजीला १० ग्रॅम. बारीक मीठ छोट्या चमच्याला ६ ग्रॅमच्या आसपास भरतं, जाडं मीठ बरंच कमी. मीठ बदललं की चमच्याचा अंदाज चुकतो. निम्मं सुरुवातीला घाला, उरलेलं चाखत शेवटी. आटणाऱ्या पदार्थात खारटपणा वाढत जातो हे विसरू नका. मीठ पुरेसं असूनही चव सपाट लागली तर बहुधा आंबट कमी असतं. लिंबू पिळा किंवा व्हिनेगरचे काही थेंब घाला आणि पुन्हा चाखा. नवख्या हाताला सर्वांत जास्त उपयोगी पडणारी हीच एक युक्ती आहे.

मसाले अख्खे घ्या, ५० ग्रॅमच्या पुड्यांत. अख्ख्याचा वास वर्षानुवर्षं टिकतो, दळलेल्याचा काही महिन्यांत उतरतो. चिमूटभर तळहातावर चोळून हुंगा. वास लगेच आला नाही तर तो मसाला पदार्थात किती घातला तरी फरक पडणार नाही.

भाज्या, फ्रिज आणि उरलेलं अन्न

कांदे आणि बटाटे वेगवेगळे, हवेशीर आणि अंधारात ठेवा. उजेडात बटाटा हिरवा पडतो. तो हिरवा भाग कडवट आणि अपायकारक असतो, खोलवर काढून टाका, सगळाच हिरवा असेल तर फेकून द्या. टोमॅटो पिकेपर्यंत बाहेर.

फ्रिजमध्ये साधा थर्मामीटर ठेवून बघा: आत ४ अंश किंवा कमी, फ्रीझरमध्ये उणे १८. कच्चं मांस सर्वांत खालच्या कप्प्यात खोलगट भांड्यात, म्हणजे त्याचं पाणी दुसऱ्या अन्नावर गळत नाही. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, खोली ३२ अंशांहून गरम असेल तर तासाभरात. मोठं पातेलं तसंच आत सरकवलं तर मधलं अन्न कित्येक तास कोमट राहतं. उथळ डब्यांत काढा. भाताबाबत जास्तच जपा. त्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि बाहेर राहिलेल्या भातात ते जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेला भात वासाला चांगला असला तरी टाकायचा. फ्रिजमधलं बाकीचं उरलेलं तीन-चार दिवसांत संपवा, एकदाच लागेल तेवढं बाहेर काढा आणि मधोमध ७४ अंशांपर्यंत, म्हणजे चांगली वाफ येईपर्यंत, ढवळत गरम करा.